बर्णबामामांची उदबत्ती

बर्णबामामा कुणाच्याही घरी विजेच्या कामाला गेले की आधी उदबत्ती पेटवायचे. शर्टाच्या खिशात एका बाजूला टेस्टर आणि दुसऱ्या बाजूला उदबत्तीचा पुडा, ही त्यांची ओळख. पंखा बसवायचा असो नाहीतर नुसता दिवा, पिशवी खाली ठेवायची, उदबत्ती शिलगवायची आणि खोलीच्या मधोमध उभं राहून धूर कुठं जातो ते बघायचं. घरातल्या बायका सवयीनं हात जोडायच्या. मग मामा मान न वळवता म्हणायचे, "हात नका जोडू, बाई. ह्यो देव न्हाई, ह्यो वारा हाय."

मामा ख्रिस्ती होते. घोडनदीला, म्हणजे आमच्या शिरूरला, मिशनच्या आवाराला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बर्णबा घरोघर उदबत्त्या लावत फिरतो, असं कुणीतरी पाद्रीसाहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी मामांना बोलावून घेतलं. मामांनी त्यांच्या टेबलापाशीच एक उदबत्ती पेटवली आणि साहेबांच्या पाठीमागची खिडकी बंद असल्यामुळे त्यांचं दुपारी डोकं कसं धरतं ते दाखवून दिलं. "बिडीनंबी धूर निघतो, साहेब," मामा म्हणाले, "पर म्या बिडी वढलेली तुमाला चालंल का?" विषय तिथंच मिटला म्हणे. हे मला खुद्द मामांनीच सांगितलं, तेव्हा त्यात तिखटमीठ किती ते तुम्हीच ठरवा.

उंचीनं बेताचे, अंगानं काटक, डोक्यावर रेल्वेची जुनी निळी टोपी. तिच्यावरचा बिल्ला केव्हाच गेलेला, पण टोपी सुटली नाही. दौंडला रेल्वेत त्यांनी तीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. गाडीच्या डब्यातले पंखे आणि दिवे हे त्यांचं काम. निवृत्त होऊन शिरूरला आले तेव्हा गावात वीज येऊन चारपाच वर्षंच झाली होती आणि लोकांना पंख्याचं भारी अप्रूप होतं. कोण किती इंची पंखा लावतो यावरून बाजारपेठेत ईर्ष्या चालायची. मामांना त्याचा राग यायचा. "मोठा पंखा म्हंजी मोठा आवाज," ते म्हणायचे. "आधी घर बगा. घराला किती सोसतंय ते बगा. मग दुकानात जावा."

एका धान्याच्या व्यापाऱ्यानं स्वयंपाकघराला भलामोठा एक्झॉस्ट फॅन लावला. त्याचं तोंड नेमकं शेजाऱ्याच्या देवघराच्या खिडकीकडं. रोज सकाळी शेजारी पूजेला बसला की यांची कांद्याची फोडणी त्याच्या देवावर. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. मामांनी उदबत्ती लावून पाहिलं, पंखा काढून दुसऱ्या भिंतीला लावला, आणि जाताना व्यापाऱ्याला सुनावलं, "शेठ, तुमच्या घरातली घाण भाईर गेली एवढं बगितलंत. ती कुठं गेली ते कुणी बगायचं?" शेठजींनी निमूट ऐकून घेतलं. मामांना उलट बोलायची गावात फारशी पद्धत नव्हती.

आता आमच्या घराची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मामा कळायचे नाहीत.

मी तेव्हा शिरूरच्या शाळेत शिक्षिका होते. आमचे हे दौंडला रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात, शनिवारी एसटीनं यायचे. घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंना सगळा गाव माई म्हणायचा. माई स्वभावानं गोड, पण सोवळ्याच्या बाबतीत एक अक्षर ऐकून घ्यायच्या नाहीत. सकाळी ओलेत्यानं स्वयंपाकघरात शिरायचं, दाराला आतून कडी घालायची, आणि नैवेद्य होईपर्यंत कडी काढायची नाही. चुलीत बाभळीचं लाकूड आणि गोवऱ्या. स्टोव्ह नको, रॉकेलचा वास नैवेद्याला लागतो. मी शाळेला निघेपर्यंत दाराच्या फटीतून धूर माजघरात यायचा आणि आत माई खोकत असायच्या.

पहिल्यांदा खोकला, मग दम. पावसाळ्यात लाकूड दमट असलं की माई भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि श्वास ओढायच्या. त्यांच्या गळ्याखालचा खळगा आत जाताना दिसायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "औषध मी देईन, पण त्यांना धुरातून बाहेर काढा. असंच चाललं तर आणखी दोन पावसाळे काढतील असं मला वाटत नाही." घरी येऊन मी म्हटलं, स्वयंपाक मी करते. माई म्हणाल्या, "तू शाळेत दहा जणांत मिसळतेस. देवाला ते चालायचं नाही." मी चिडून ताटावरून उठले. काही उपयोग झाला नाही.

शेवटी ह्यांनी पुण्याहून अठरा इंची एक्झॉस्ट फॅन आणला. वायरमननं तो खिडकीच्या वरच्या बाजूला बसवला, कारण तिथं भिंत फोडायला सोपी होती. तो गेल्यावर माईंनी सगळं स्वयंपाकघर धुऊन काढलं. बटण दाबलं आणि काय सांगू! पत्रे थरथरले, फडताळातल्या वाट्या वाजायला लागल्या. धूर मात्र चुलीपाशी होता तिथंच. दाराआडून माईंचा आवाज आला, "अगं, धूर तसाच आहे, वर आता वादळही आलंय." ह्यांचं तोंड एवढंसं झालं. त्या आठवड्यात माईंना दोनदा दम लागला.

मी बर्णबामामांकडे गेले. रस्ताभर जीव टांगणीला लागला होता, कारण त्यांना बोलावणार होते खरी, पण आत घेता येणार नव्हतं. मामा ख्रिस्ती, आणि त्याच्याही आधीची त्यांच्या आज्याची जात गावाला पाठ होती. हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? पंख्याचं आणि धुराचं सांगून झालं आणि मी नुसतीच पदर चाळवत उभी राहिले. मामांनीच टोपी घातली. "चला, बाई. आत न्हाई यायचं, ठावं हाय मला. परसात बसीन की. धूर कुटं आडलाय तेवढं कळलं म्हंजी झालं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परसात एक घमेलं पालथं पडलेलं होतं. मामा त्यावर बसले, बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून. मान वळवली असती तर खिडकीतून सगळं दिसलं असतं. त्यांनी वळवली नाही. मी म्हटलं, मी आत उदबत्ती धरते आणि सांगते. तर म्हणाले, "तुमी नका. ज्या बाईला धूर लागतोय तिच्याच हातात पायजे. माई, आयकताय न्हवं?"

आतून माई म्हणाल्या, "देवाची उदबत्ती वाऱ्यासाठी लावायची?"

"देवाची परवानगी तुमी काढा, माई. वाऱ्याचं मी बगतो."

आणि माई चक्क हसल्या. मी ऐकलं.

मग तासभर हा प्रकार चालला. मामा भिंतीकडं पाठ करून विचारायचे आणि माई आतून सांगायच्या. "चुलीपाशी धरा. कुटं जातोय?" "कुठंच नाही. सरळ वर जाऊन पसरतोय." "आता खिडकीपाशी." "अगबाई, इथं तर झटक्यात पंख्यात जातोय." "दारापाशी, खाली." "इथं हालतच नाही." मामांनी डोळे मिटले होते. बहुतेक सगळं स्वयंपाकघर त्यांना त्या मिटल्या डोळ्यांपुढं दिसत असावं. शेवटी म्हणाले, "कळलं. खिडकी पंख्याला चिटकून हाय. हवा खिडकीतनं येती आन् तिथनंच पंख्यातनं जाती. चुलीपत्तुर कोण जातंय? दार लावलेलं का असतं, माई?"

"सोवळं असतं."

"माई, पंखा हवा ढकलतो, हवा बनवत न्हाई. जेवडी आत येईल तेवडीच भाईर जाईल. दार उघडं ऱ्हायलं पायजे."

"दार उघडं टाकून मी आजवर स्वयंपाक केलेला नाही," माई म्हणाल्या. आवाजात धार होती. "आणि करणारही नाही. मग श्वास गेला तरी चालेल."

मामांनी पिशवी उचलली आणि चालू लागले. मी फाटकापर्यंत मागं गेले आणि तणतणले, "मामा, जरा समजावून तरी सांगायचंत! असे कसे निघालात?" ते म्हणाले, "काय समजवू? ती बाई देवाला सांबाळतीया. तिचं तिला मोडाय लावून मी कोन मोठा?" त्या रात्री मी माईंशी बोलले नाही, मामांवरही मनातल्या मनात दात खाल्ले. दोघंही मेले हट्टी, असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी मामा दौंडच्या एसटीतून उतरले ते मांडीएवढ्या उंचीचं काहीतरी गोणपाटात गुंडाळून घेऊन. गोणपाट सोडलं, तर आत सागवानाची झिलमिल. रेल्वेच्या डब्याच्या खिडकीला असते ना, लाकडाच्या तिरप्या पट्ट्यांची, ती. दौंडच्या एका सुतार दोस्ताकडून मामांनी नवी करून आणली होती. पट्ट्या आतून खाली झुकलेल्या. त्यांनी ती माझ्यापुढं उभी धरली. "बगा, बाई. दिसतंय का काय पल्याडचं?"

"नाही."

"आन् वारा?"

मी पट्ट्यांजवळ तोंड नेलं. पलीकडून मामांनी फुंकर मारली. ती थेट माझ्या डोळ्यांत आली.

"बायकांच्या डब्याला असत्यात," मामा म्हणाले. "वारा आत येतो, नजर येत न्हाई. माईंच्या दाराच्या बुडाला बसवू. कडी तशीच ऱ्हाऊ द्या."

मी आत जाऊन माईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यानं एवढा विचार केला?" रविवारी ह्यांनी दार उचलून अंगणात आणून दिलं. मामांनी ते खालच्या बाजूला कापून झिलमिल बसवली. तेवढा एक दिवस माईंनी दाराच्या जागी लुगडं टांगून स्वयंपाक केला.

पंख्याच्या बाबतीत मात्र मामांनी कुणाचं ऐकलं नाही. अठरा इंची काढा म्हणाले. ह्यांना राग आला, पुण्याहून एवढा निवडून आणलेला! "साहेब, धा बाय आटची खोली हाय," मामा म्हणाले. "हिला बारा इंचीबी रग्गड. ह्यो पंखा पिठाच्या गिरणीला द्या, त्यो तितं सुखानं नांदंल." बारा इंची, मागं पत्र्याच्या पापण्या असलेला, म्हणजे पंखा बंद झाला की पापण्या मिटतात आणि पश्चिमेचा वारा पाऊस घेऊन आत येत नाही. भोक खिडकीपासून लांब, बरोबर चुलीच्या वर, भिंतीत उंचावर. सगळं काम बाहेरून, शिडीवर उभं राहून. फक्त चार नट आतून आवळायचे होते.

मामांनी पाना खिडकीच्या कठड्यावर ठेवला. माईंनी त्यावर पळीभर पाणी शिंपडलं, मग उचलला. ओलेत्या माई पाटावर पाट रचून वर चढल्या आणि बाहेरून मामा सांगू लागले, "उजवीकडं फिरवा. जोर नगं. घट झालं की पाना सोताच सांगतो." तिसऱ्या नटाला माई ओरडल्या, "सांगितलं हो, सांगितलं पान्यानं!" जन्मात कधी त्यांना एवढं खूश झालेलं पाहिलं नव्हतं.

खिडकी लावली, बटण दाबलं. आवाज म्हणाल तर घूं, बस्स. माईंनी चुलीपाशी उदबत्ती धरली आणि आतून काही ऐकूच येईना. मला वाटलं फसलं. मग माईंचा आवाज आला, भरलेला. "बर्णबा, निघाला हो. सगळा निघाला." त्या पावसाळ्यात माईंना एकदाच दम लागला. पुढच्या पावसाळ्यात एकदाही नाही. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, काय केलंत? मी म्हटलं, रेल्वेची खिडकी लावली. त्यांना वाटलं मी चेष्टा करते.

त्यानंतर दर दिवाळीच्या आधी मामा पंखा बघायला यायचे. बघायला म्हणजे ऐकायला. पालथ्या घमेल्यावर बसायचे, माई आत उदबत्ती फिरवून सांगायच्या, पाती सोड्याच्या पाण्यानं पुसायच्या, तेलाची बुधली खिडकीतून आत यायची, बाहेर जायची. तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की माई पान्यावर पाणी शिंपडायचं विसरल्या. गल्लीतल्या बायकांना पंखा घ्यायचा असला की माईच आता सल्ला द्यायला लागल्या होत्या, "आधी घर बघा हो, इंच मागनं."

पाचव्या वर्षी पंख्यानं खरखर सुरू केली. मामा आले, थकलेले दिसत होते, घमेल्यावर बसताना भिंतीला हात लावला. पिशवी सोडतात तोवर आतून कडी निघाल्याचा आवाज झाला. मी माजघरात आले. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं आणि माई, सोवळ्यातल्या माई, खिडकीशी उभ्या राहून म्हणत होत्या, "बर्णबा, पुढच्या दारानं आत या. आत येऊनच बघा."

मामांचा हात खिडकीत आला आणि तेलाची बुधली कठड्यावर ठेवून गेला.

"माई," मग ते म्हणाले, "पाच वर्सं तुमच्या डोळ्यांनी बगतोय. कवा चुकलंय का काय?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या की. येतो म्होरल्या खेपंला. आज चिखलाचे पाय हायेत."

पायांना चिखल नव्हता. दिवाळीच्या तोंडावर चिखल कुठला? माईंनी पंख्यात तेल घातलं. खरखर थांबली. मी मामांना फाटकाशी गाठलं आणि नेहमीप्रमाणं भडकले, "मामा, का नाही आलात? हे बोलायला त्यांना किती जड गेलं असेल!" मामांनी टोपी काढली आणि परत घातली. "बाई," म्हणाले, "मलाबी सोपं न्हवतं." मग थोडं पुढं जाऊन वळले. "सांगा माईंना. म्होरल्या खेपंला येतो म्हनाव. खरंच येतो."

पुढची खेप आलीच नाही. त्याच हिवाळ्यात तीन दिवसांच्या तापानं मामा गेले.

आम्ही साराममींना, म्हणजे मामांच्या बायकोला, भेटायला निघालो तेव्हा माई म्हणाल्या, मीही येते. बाहेरच्या खोलीत बायका दाटीनं बसल्या होत्या. ममी आतल्या स्वयंपाकघरात चुलीवर सगळ्यांसाठी चहा ठेवत होत्या. थंडी म्हणून खिडकी लावलेली, दार ओढलेलं. आतून ममींचा खोकला ऐकू आला. माईंनी कान टवकारले. तो खोकला त्यांच्या ओळखीचा होता. उठल्या, दार ढकललं आणि आत गेल्या. मी मागोमाग. त्यांनी कनवटीची उदबत्ती काढली, चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवली आणि खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

साराममी गांगरल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "माई, आमच्यात उदबत्ती न्हाई लावत, देवाफुडं."

"हा देव नाही, बाई," माई म्हणाल्या. "हा वारा आहे."

आणि त्यांनी खिडकी उघडली, दार उघडलं, धूर खिडकीकडं वळलेला पाहिला. ममी पदर तोंडाशी धरून मोठ्यानं रडायला लागल्या. माईंनी त्यांच्या हातातला चिमटा घेतला, भांडं उतरवलं आणि तिथंच जमिनीवर बसून त्या घरचा चहा बशीत ओतून प्यायल्या. परक्या घरचं पाणीसुद्धा न घेणारी ती बाई.

घरी येताना मिशनच्या फाटकाशी त्या थांबल्या. मला वाटलं दम लागला. पण दम नव्हता, रडत होत्या.

"मी सरळ आत गेले गं," म्हणाल्या. "येऊ का म्हणून विचारलंसुद्धा नाही. आणि मला कुणी अडवलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा माई ओलेत्यानं चुलीपुढं बसल्या होत्या, पंखा चालू होता आणि स्वयंपाकघराचं दार, झिलमिलीसकट, भिंतीला टेकलेलं होतं. त्यानंतर त्या नऊ वर्षं जगल्या. दाराला कडी त्यांनी पुन्हा घातली नाही.